मुलाच्या मनासाठी मदत शोधताना: नोंदवहीपासून फाईलपर्यंत

सकाळी पावणेसातला पोटात दुखतं, शाळेची रिक्षा निघून जाते आणि साडेनऊला तेच मूल दोन वाट्या पोहे खातं. घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: नाटकं करतोय. मग बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी, जंताचं औषध, टॉनिक, कोणीतरी दिलेला अंगारा असं करत सहामाही उलटते. महाराष्ट्रात मुलांच्या मानसिक आरोग्याच्या सेवा गरजेच्या मानाने तोकड्या आहेत, हे खरंच. पण ज्या आहेत तिथेही कुटुंबं बहुधा उशिरा, चुकीच्या दारातून आणि रिकाम्या हाताने पोचतात. त्यातलं दार आणि हातातले कागद तरी आपल्याला नीट करता येतात.

आजच निघायचं कधी

मरणाबद्दल बोलणं किंवा लिहिणं, अंगावर ब्लेडच्या खुणा, कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, अन्नपाणी सोडणं, रात्र रात्र न झोपता भलतंच बोलत राहणं. यातलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, खाली सांगितलेल्या नोंदी करत बसू नका. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जा. सोबत ताप, झटका किंवा अचानक आलेला गोंधळ असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कारण मेंदूचा संसर्गही कधीकधी असाच दिसतो.

निघेपर्यंत आणि परत आल्यावरही मूल एकटं नको, खोलीला आतून कडी नको. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, घरातल्या पॅरासिटामॉलच्या पट्ट्या, शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीची औषधं, सगळं कुलपात आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात. फवारणीचा डबा घरातून उचलून उघड्या गोठ्यात ठेवला, तर काहीच केलं नाही असं समजा.

मुलाला सरळ विचारा: ‘तुला मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारल्यावर बरीच मुलं पहिल्यांदा मोकळी होतात. उत्तर ‘हो’ आलं तर ‘असं बोलू नये बाळा, आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो’ हे वाक्य गिळून टाका. ‘बरं झालं सांगितलंस, आपण आत्ता डॉक्टरांकडे जाऊ’ एवढंच पुरे.

मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला तरी पोलीस केसच्या भीतीने त्याला घरीच ठेवलं जातं. रुग्णालय एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद करतं, जबाब होतो, ते चुकत नाही. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत, ही सरकारची जबाबदारी ठरते.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर फोन १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला करायचा. तो चोवीस तास चालतो आणि मूल स्वतःही करू शकतं. जीव धोक्यात असेल तर ११२. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवावीच लागते, समुपदेशकालाही. म्हणून ‘हे कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला कोणी देऊ नये.

दोन आठवड्यांची नोंदवही

तातडीचं नसेल तर आधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक प्रसंगाच्या पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, त्याआधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, ते किती वेळ चाललं आणि त्यानंतर घरच्यांनी काय केलं. शेवटची गोष्ट हमखास गाळली जाते, आणि डॉक्टरांना तीच सर्वांत उपयोगी असते.

‘मंगळवार. आज पुन्हा नाटक. खूप त्रास दिला.’ या नोंदीतून काहीच कळत नाही. आता हीच सकाळ अशी लिहून पाहा: ‘मंगळवार, ६.५०. दप्तर भरलेलं, डबा घेतला. बूट घालताना पोट धरून बसला. उलटी नाही, ताप नाही. ७.१५ ला रिक्षा गेली. ७.३० ला शांत. आईने शेजारी बसवून मोबाईल दिला. ९.३० ला पोहे खाल्ले. तिसरा तास गणिताचा होता.’ अशा आठ-दहा नोंदी झाल्या की दुखणं रविवारी येत नाही, गणिताच्या दिवशी हमखास येतं आणि घरी राहिल्यावर मोबाईल मिळतो, हे आपोआप दिसायला लागतं. मूल खोटं बोलतंय असा याचा अर्थ नाही. भीतीने पोटात खरोखर कळ येते.

झोपण्या-उठण्याच्या वेळा, जेवण, मोबाईलचे तास आणि वयात आलेल्या मुलीच्या पाळीच्या तारखा वहीच्या मागच्या पानावर घ्या. मूल मध्येच टक लावून गप्प होत असेल किंवा मान-डोळे झटकत असेल तर तीस सेकंदांचा व्हिडिओ हजार शब्दांचं काम करतो, कारण डॉक्टरांसमोर ते नेमकं होत नाही. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकायचा नाही.

वहीबरोबर आणखी थोडं साहित्य लागतं. जन्माची फाईल (बाळ उशिरा रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती होती), मूल कितव्या महिन्यात चालायला आणि बोलायला लागलं ते, मागच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका, आणि शाळेची एक कच्ची वही. फेअर नको, खाडाखोडीचीच हवी. घरात कोणाला मानसिक आजार, दारू, फिट्स होत्या का, कोणी आत्महत्या केली होती का, हेही सांगावं लागतं. मामाची गोष्ट सासरी माहीत नसते म्हणून आई गप्प बसते, असं वारंवार होतं. तसं असेल तर डॉक्टरांकडे पाच मिनिटं एकटीने मागून घ्या. ते देतात.

कोण काय करतं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. मनाच्या आजारांवर गोळ्या लिहायच्या तर त्या त्यांनी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या करतात आणि थेरपी देतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि तो क्रमांक अहवालावर असायला हवा. तो विचारण्यात संकोच बाळगू नका. बिननोंदणीच्या व्यक्तीचा महागडा अहवाल सरकारी दाखल्याच्या वेळी बाजूला ठेवला जातो. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतं. एमए करून चांगलं काम करणारे खूप आहेत, आठवड्याभराचा कोर्स केलेलेही आहेत. शिक्षण कुठे झालं, मुलांबरोबर किती वर्षं काम केलं आणि अडलं तर कोणाकडे पाठवता, हे तीन प्रश्न विचारले की बराच उलगडा होतो. तिसऱ्याला ‘कधी गरजच पडत नाही’ असं उत्तर आलं तर उठा.

उशिरा बोलणाऱ्या लहान मुलाची वाट वेगळी. वर्षाचं झालं तरी बोटाने दाखवत नाही, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले’ म्हणत थांबू नका. आधी ऐकण्याची तपासणी, म्हणजे बेरा. ती न करता स्पीच थेरपीचे पैसे भरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांनी चिठ्ठी दिली की मूल जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जातं. तिथे बालरोगतज्ज्ञ, स्पीच थेरपी, फिजिओथेरपी अशा तपासण्या एका छताखाली होणं अपेक्षित असतं. पथक चुकलं तर अंगणवाडीताईंकडून किंवा आशाताईंकडून पुढची तारीख घ्या, नाहीतर थेट केंद्रात जा. मुंबईत बोलण्या-ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

दार कोणतं

कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठी निवडता येते. हा नंबर लागला नाही तर १-८००-८९१-४४१६. फोन करण्याआधी मुलाचं वय, त्रास कधीपासून, चालू औषधं आणि तालुका एका कागदावर लिहून ठेवा, आणि शेवटी ‘आमच्या जवळची मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते?’ हे विचाराच. समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडली तर पुढच्या तज्ज्ञाकडे जोडतात. निदान आणि चाचण्या मात्र समोरासमोरच व्हायला हव्यात.

जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं: मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, समाजसेवक आणि परिचारिका. काही पदं रिकामी असू शकतात, म्हणून जाण्याआधी फोन करा. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतं. पाळी, शरीरातले बदल, प्रेमप्रकरण, व्यसन हे घरी न बोलता येणारे विषय तिथे निघतात, आणि ‘मानसोपचार’ ही पाटी पाहून बिचकणाऱ्या पोराला या दारातून नेणं सोपं जातं.

मोठी सरकारी ठिकाणं म्हणजे मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल कॉलेज, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत, पण पहिल्यांदा मुलाला घेऊन जायला शक्यतो मेडिकल कॉलेज किंवा सिव्हिल निवडा. तिथे रक्त, कान, डोळे सगळं एकाच आवारात तपासून होतं. थायरॉईड किंवा रक्त कमी असल्यामुळे मरगळलेलं मूल ‘डिप्रेशनचं’ ठरायला नको, आणि फळ्यावरचं न दिसणारं मूल ‘लक्ष नाही’ म्हणून.

ओपीडीचा दिवस

सकाळी लवकर केसपेपरच्या रांगेत एक जण उभा राहील, दुसरा मुलाबरोबर बाहेर थांबेल, अशी दोन माणसं हवीत. शक्यतो आई-बाबा दोघंही. बाबा नाही आले तर सल्ला घरी पोचेपर्यंत त्याचा ‘डॉक्टरनी काही विशेष सांगितलं नाही’ झालेला असतो. मुलाची आणि पालकांची आधारकार्डं, रेशनकार्ड, जुने सगळे कागद, पाण्याची बाटली, खाऊ आणि मुलाला गुंतवणारं काहीतरी घ्या. पूर्ण दिवस जाईल असं धरा.

‘फिरायला चाललोय’ सांगून आणलेलं मूल दारातच बिथरतं आणि पुढच्या वेळी घराबाहेर पडत नाही. आदल्या संध्याकाळी सांगा: ‘सकाळी तुझ्या पोटात दुखतं ना, ते का होतं हे बघणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊ. ते गप्पा मारतील, चित्र काढायला सांगतील.’ इंजेक्शन नक्की नाही, असं मात्र सांगू नका. रक्त काढायचं ठरलं तर तुमच्या शब्दावरचा विश्वास गेला.

आत गेल्यावर मुलासमोर तक्रारींचा पाढा वाचू नये. वही डॉक्टरांच्या हातात द्या, आणि मुलाशी एकट्याशी बोलायचं असेल तर बाहेर बसा. बाहेर आल्यावर ‘काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?’ हा उलटतपास नको. निघण्यापूर्वी तुम्ही हे विचारा: तुम्हाला काय वाटतंय, अजून काय तपासायचं आहे, घरी काय करायचं, शाळेला काय सांगायचं, आणि कोणतं लक्षण दिसलं तर तारखेआधी यायचं. पहिल्या भेटीत पक्कं निदान झालं नाही म्हणून डॉक्टर बदलणं ही नेहमीची चूक. अतिचंचलतेचं निदान तर घर आणि शाळा, दोन्हीकडे तेच दिसल्याशिवाय आणि ते सहा महिने टिकल्याशिवाय करताच येत नाही. तीन महिन्यांत तीन डॉक्टर फिरलेल्या मुलाच्या फाईलमध्ये तीन अर्धवट मतं असतात.

चाचण्यांना दीड-दोन तास लागतात, बऱ्याचदा दोन बैठका. बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी असो वा दुसरी कोणती, मूल घरी ज्या भाषेत बोलतं तिच्यात चाचणी होईल ना, हे आधी विचारा. इंग्रजी माध्यमाचा बोर्ड पाहून मराठी घरातल्या मुलाला इंग्रजीत तपासलं तर आकडा खोटाच येणार. ताप येऊन गेला असेल, रात्रीचा प्रवास झाला असेल, चष्मा घरी राहिला असेल, तर तारीख पुढे घ्या.

उपचार चालू झाल्यावर

थेरपीची बैठक साधारण ४५ ते ५० मिनिटांची, बहुतेकदा आठवड्याला एक. खासगीत जाणार असाल तर शुल्क, अंदाजे किती बैठका, अहवालाचे पैसे वेगळे का, आणि दर किती बैठकांनी प्रगती पाहणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. लहान मुलाच्या बाबतीत अर्धी थेरपी खरं तर आई-बाबांची असते. मूल आत सोडून बाहेर मोबाईल बघत बसायची ती शिकवणी नव्हे. आई स्वतः खचलेली असेल किंवा घरात दारू असेल तर तेही तिथे सांगा, तिच्यासाठीही केसपेपर काढा. आणि धाकट्या बहिणीला आठवड्यातला एक तास हक्काचा द्या. तिच्या वाट्याचं लक्ष कमी झालेलं तिला दिसत असतं.

नैराश्याच्या गोळ्यांचा फरक दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच कळवायचं. बरं वाटलं म्हणून गोळी अचानक बंद करू नये. कमी कशी करायची ते डॉक्टर सांगतील. अतिचंचलतेसाठी मिथाइलफेनिडेट दिलं असेल तर सकाळी नाश्त्यानंतर द्या, कारण ते भूक मारतं, आणि उशिरा घेतलं तर झोप उडवतं. वजन-उंची नियमित मोजून लिहा. हे औषध प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि मूळ चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून शेवटची पट्टी उघडली की दुकान शोधायला लागा.

देवदर्शन, उपास, आजीची दृष्ट काढणं चालू राहू दे, त्याने गोळ्यांचं काही बिघडत नाही. पण भूत उतरवायचं म्हणून मुलाला मारणं, धुरी देणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना शांतपणे, पण स्पष्ट सांगून ठेवा.

शाळा आणि दाखले

शाळेला सगळी फाईल द्यायची गरज नाही. डॉक्टरांकडून एका परिच्छेदाचं पत्र घ्या, त्यात निदानापेक्षा काय करावं ते असू दे: पुढच्या बाकावर बसवा, मोठ्याने वाचायला उभं करू नका, घाबरल्यास पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या. शाळेला घाबरणाऱ्या मुलाला महिनाभर घरी ठेवलं की परत जाणं दुप्पट अवघड होतं. दोन-तीन दिवस नुसतं फाटकापर्यंत, मग प्रार्थना आणि पहिला तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, अशा पायऱ्या वर्गशिक्षकांबरोबर ठरवा आणि घरी असलेल्या वेळेत मोबाईल-टीव्ही बंद. शिक्षा किंवा अपमान होत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दोन्हींना मनाई करतं. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

वाचन-लेखनाच्या अडचणीसाठी, म्हणजे अध्ययन अक्षमतेसाठी, चाचणी साधारण आठव्या वर्षी, तिसरीच्या सुमारास करता येते. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत पर्याय या सवलती मिळतात, पण ठरलेल्या सरकारी केंद्राच्याच प्रमाणपत्रावर. दहावीच्या दिवाळीत धावणाऱ्यांना तारीख परीक्षेनंतरची मिळते. आठवीत सुरुवात करा, फार तर नववीच्या जूनमध्ये.

स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता हे सगळं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतं. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या ऑनलाइन पोर्टलवर, तपासणी ठरलेल्या रुग्णालयात. ऑनलाइन अर्जातलं मुलाचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षराने जरी वेगळं असलं तरी अर्ज अडतो, तेव्हा आधी आधार दुरुस्त करा. स्वमग्न, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग मुलांसाठी नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ विमा आहे, १ लाख रुपयांपर्यंतचा, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. नेहमीच्या आरोग्यविम्यालाही मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावे लागतात. नकार आला तर तो लेखी मागा.

भरती करावं लागलं तर

क्वचितच लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज पालक करतात, दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात, त्यातले एक तरी मानसोपचारतज्ज्ञ. मुलाला मोठ्या रुग्णांबरोबर ठेवता येत नाही. पालकांना किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीला पूर्ण वेळ सोबत राहावंच लागतं. मुलगी असेल तर सोबतची व्यक्ती स्त्रीच. रुग्णालयाला ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. मंडळाच्या परवानगीशिवाय अल्पवयीनाला शॉक ट्रीटमेंट देता येत नाही. ‘तुम्ही घरी जा, आम्ही बघतो’ असं सांगितलं तर मानसिक आरोग्य सेवा कायद्यातले हे नियम दाखवा आणि तिथेच थांबा.

फाईल

एकच फाईल, तारखेप्रमाणे, नवा कागद वर. केसपेपरची शाई उडते, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो घेऊन ठेवा. पहिल्या पानावर चालू गोळ्यांची नावं, मात्रा, वेळ, कधी सुरू झाली आणि कोणती गोळी सोसली नाही, हे हाताने लिहिलेलं असू दे. चाचण्यांच्या मूळ प्रती कोणालाच द्यायच्या नाहीत, झेरॉक्स द्यायची. बदली होऊन गाव सोडणार असाल तर निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश आणि थेरपिस्टकडून कुठपर्यंत काम झालं त्याचं पत्र मागा, आणि नव्या गावातल्या पहिल्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.